एकटा न राहणारा गिरमिट

माझी सगळी सरकारी नोकरी म्हशींच्या पाठीमागे उभं राहण्यात गेली. हे मी चारचौघांत बोलले की बायका पदर तोंडाला लावतात, पण त्यात खोटं काय आहे? गुरांचा डॉक्टर म्हणजे दुसरं काय? म्हैस गाभण आहे की नाही ते बघायचं, अडलेलं रेडकू ओढून काढायचं, लसी टोचायच्या आणि लाथ चुकवायची. मी कोपरापर्यंत हात घालून उभी असायचे आणि बाजूला पटके बांधलेले म्हातारे एकमेकांना विचारत असायचे, डॉक्टरसाहेब कधी येणार म्हणे? मीच डॉक्टर हे त्यांना पटेपर्यंत रेडकू बाहेर येऊन उठायची धडपड करत असे. मग मात्र त्याच म्हाताऱ्यांच्या घरचं ताक प्यायल्याशिवाय मला गाव सोडता येत नसे.

निवृत्त झाले आणि हुबळीला विद्यानगरात एका गाळ्यात कुत्र्यामांजरांचा लहानसा दवाखाना उघडला. नवरा म्हणाला, आता तरी स्वस्थ बस. पण स्वस्थ बसणं माझ्या पत्रिकेतच नाही. मला वाटलं, कुत्री म्हणजे अगदी पेन्शनीतलं काम. टेबलावर उचलून ठेवता येतात, लाथ मारत नाहीत. चावतात, पण तेवढं चालायचंच. कसलं काय! दवाखाना सुरू होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच लोक असं एक दुखणं घेऊन यायला लागले, की जे मी आधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ‘डॉक्टरबाई, आमचा कुत्रा घरी एकटा राहत नाही हो.’

पहिल्यांदा मला हसूच आलं. कुत्रा एकटा राहत नाही म्हणजे काय? आमच्या धारवाडच्या घरी कुत्रा होता, पण तो एकटा राहतो की नाही हे कुणाला कळायला मार्गच नव्हता, कारण घर कधी रिकामं नसायचंच. आजोबा, काका, आत्या, शिकायला राहिलेली कुणाची तरी पोरं. एकदा काकाच्या लग्नाला सगळेच बेळगावला निघालो, तेव्हा कुलूप शोधावं लागलं. ते सापडलं तर किल्ली सापडेना. शेवटी शेजारच्या गंगाक्का आमच्याच घरात येऊन बसल्या आणि आम्ही लग्न लावून आलो. कुत्रा त्यांच्याजवळ बसून शेंगा खात होता. त्या घराची मला अजून फार आठवण येते. आता कसं झालंय, नवरा धारवाडजवळ बेलूरला कारखान्यात, बायको बँकेत, पोरगी कॉलेजात, आणि चौथ्या मजल्यावर कुलपाच्या आत कुत्रा. त्यानं करायचं काय?

तरी जनावराला माणसाची ओढ किती असते, हे मला कुत्र्यांच्या आधी म्हशींनीच शिकवलं होतं. कलघटगीकडच्या एका खेड्यात एक पैलवान गडी मला बोलवायला आला. म्हैस पान्हा सोडत नव्हती. मी तपासली, आचळ छान, ताप नाही, काही नाही. विचारलं, रोज धार कोण काढतं? म्हणाला, बायको, पण ती बाळंतपणाला माहेरी गेलीय. तेवढ्यात त्याची आजी आतून बायकोचं लुगडं घेऊन आली आणि त्याच्या अंगावर फेकून म्हणाली, नेस. गडी लाजून लाल झाला, पण नेसला. डोक्यावरून पदर घेऊन, मिशा पदरात लपवून तो म्हशीखाली बसला, आणि म्हशीनं एकदा लुगडं हुंगलं आणि भडाभडा दूध दिलं. मी फी घेतली नाही. घेणार कशाची? मात्र ते औषध मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं.

कुत्र्याला मात्र लुगड्यानं फसवता येत नाही. विद्यानगरातलेच एक वकील माझ्याकडे आले होते. नवराबायको दोघंही कोर्टात जाणारे, घरी ब्रूनो नावाचा मोठा लॅब्राडोर. वकिलांची फिर्याद अशी, की कुत्रा सूड घेतो. त्याला घरी ठेवून गेलं की तो खुंटीवरचा त्यांचाच काळा कोट ओढून फाडतो, बायकोच्या कोटाला हात लावत नाही, म्हणजे त्यात हेतू आहे. मी म्हटलं, हेतू राहू द्या, आधी पुरावा आणा. घरात एक फोन चालू ठेवून जा आणि काय होतं ते मला दाखवा. आम्ही तिघांनी ते चित्रण माझ्या टेबलाशी बसून बघितलं. दार बंद झाल्याबरोबर कुत्रा दाराकडून खिडकीकडे आणि खिडकीकडून दाराकडे पळायला लागला. तोंडातून लाळ गळत होती. मग त्यानं कोट ओढून काढला, फरफटत दारापर्यंत आणला, त्यावर डोकं ठेवून विव्हळला आणि थरथरत थरथरत तो चावायला लागला. वकीलसाहेबांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, आरोप मागे घेतो.

हे दुखणं असं असतं. ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांच्यासाठी सांगते. कंटाळलेला कुत्राही नासधूस करतो, पण तो काहीही चावतो, मग खातो, पितो आणि झोपतो. घाबरलेला कुत्रा तसा नसतो. त्याचा सगळा जोर दारावर, म्हणजे माणूस जिथून गेला तिथं. नखं तुटून रक्त येईपर्यंत खरवडतो, पुढ्यातल्या आवडीच्या खाण्याला तोंड लावत नाही, शिकवलेला असूनही घरात घाण करतो. लोक परत येतात, ते बघतात आणि त्याला बडवतात. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आधीच माणूस जाण्याची भीती, त्यात माणूस परत येण्याचीही भीती घालायची!

उपाय आहे, पण तो पटकन होत नाही आणि माणसांना पटकन हवं असतं. कुत्र्याला आपण जाणार हे फार आधी कळतं. किल्ल्या वाजल्या, चपला घातल्या, पिशवी उचलली की तो पायात पायात करायला लागतो. म्हणून किल्ल्या उचलायच्या आणि पेपर वाचत बसायचं. चपला घालायच्या आणि चहा करायचा. दार उघडायचं, लावायचं, बसायचं. मग क्षणभर बाहेर, मग जरा जास्त. तो घाबरायच्या आत परत यायचं. जाताना लाडीगोडी नाही, आल्यावर मिठ्या नाहीत. फारच घाबरट असेल तर भीती जरा खाली आणणारी गोळी मी देते, पण गोळी त्याला शिकवत नाही, शिकण्याइतका शांत करते एवढंच. आणि सगळी कुत्री बरी होतात असंही नाही. वकिलांचा ब्रूनो बरा झाला, पण खरं सांगायचं तर माझ्यामुळे नाही. वकिलांची आई गावाहून कायमची राहायला आली. रिकामं घर भरून देण्याचं औषध माझ्याकडे नाही, याचं मला पुष्कळदा वाईट वाटतं.

आता गिरमिटकडे येते, कारण लिहायचं होतं ते त्याच्याबद्दलच.

गिरमिट म्हणजे काय ते हुबळीकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी, चुरमुऱ्यांत कांदा, चिंचेचा मसाला, फुटाण्याची पूड आणि हाताला लागेल ते कालवून देतात, ते गिरमिट. या कुत्र्याचे कान एका जातीचे, शेपूट दुसऱ्या, पाय तिसऱ्याच कुठल्या तरी. म्हणून वसंतरावांच्या बायकोनं, कुसुमताईंनी, त्याचं नाव गिरमिट ठेवलं होतं. वसंतराव शिंत्रे हे हुबळीच्या बाजारातले पातळांचे व्यापारी. घराणं मूळचं इचलकरंजीकडचं, पण त्यांचं बोलणं कन्नडात सुरू होऊन मराठीत संपायचं, आणि कुणाशीही बोलताना समोर पातळ उलगडून दाखवत असल्यासारखा हात फिरायचा. कुसुमताई वारल्या होत्या. वसंतराव उणकल तळ्याजवळच्या फ्लॅटमध्ये आता गिरमिटबरोबर एकटेच राहत होते.

ते माझ्याकडे आले तेव्हा बरोबर त्यांची मुलगी अनघा होती. ती बेळगावला कॉलेजात शिकवते. वसंतराव गिरमिटच्या तक्रारी सांगत होते आणि ती ओठ आवळून ऐकत होती. हे दुकानात गेले की तो ओरडून इमारत डोक्यावर घेतो. दाराचं लाकूड खाल्लं, दात तुटला. म्हणून यांनी दुकान नोकरांवर टाकलं आणि घरी बसले. एका ओळखीच्यांच्या शेतावर ठेवून बघितला, तर दोर तोडला, खाणं टाकलं, हाडं वर आली, शेवटी परत आणावा लागला. एवढं झाल्यावर अनघा मध्येच म्हणाली, ‘अप्पा, खरं काय ते सांगा की त्यांना.’ मग तिनंच सांगितलं. वसंतरावांच्या हृदयाच्या नळ्या बंद होत आल्या होत्या. डॉक्टरांनी बायपास सांगितली होती, लवकरात लवकर, आणि हे पुढे ढकलत होते. दवाखान्यात इतके दिवस राहायचं तर गिरमिटचं काय, म्हणून.

‘डॉक्टरबाई, एक तर याला बरा करा, नाही तर कुणाला तरी देऊन टाकायला सांगा,’ अनघा म्हणाली. ‘मला माझे अप्पा पाहिजेत. आई गेली ती गेली.’

वसंतराव खाली बघून गिरमिटचा कान चोळत होते. देऊन टाकायचा म्हटलं तर तो दुसरीकडे जगेल की नाही याची खात्री मलाही नव्हती. मी गोळी सुरू केली, सगळी पद्धत नीट समजावली आणि बजावलं, की जाताना एक शब्द बोलायचा नाही. चोरासारखं निघायचं.

पहिले काही दिवस झकास गेले. किल्ल्यांना गिरमिट मान वर करेना, चपलांना उठेना. वसंतराव फोनवर आनंदानं सांगायचे. आणि खरोखर घराबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा तेच, आकाशपाताळ एक. पुन्हा मागे जायचं, पुन्हा किल्ल्यांपासून सुरू करायचं. असं बरेचदा झालं. मला कोडंच पडलं. अहो, दार बंद होईपर्यंत शांत असलेला कुत्रा दार बंद झाल्यावर घाबरतो हे समजू शकतं, पण याचं तसं नव्हतं. समोरच्या फ्लॅटमधल्या गिरिजक्का सांगत, की शिंत्रे अण्णा बाहेर पडल्यावर जरा वेळ सगळं शांत असतं आणि मग एकदम सुरू होतं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, जाऊन डोळ्यांनीच बघते.

उणकलला जाताना मला नेहमी चुकल्यासारखं होतं. तळं आहे तिथंच आहे, पण त्याच्या काठचं गाव कुठं गेलं? नोकरीच्या सुरुवातीला मी तिथं लसी टोचायला जायचे. सकाळी म्हशी तळ्यातून वर यायच्या त्या ओळीनं, आणि प्रत्येकीला आपला गोठा ठाऊक. मी झाडाखाली पेटी उघडून बसायचे. आता तिथं इमारती, आणि खाली मोटारी ओळीनं उभ्या. वसंतरावांची इमारत जिथं आहे तिथं नक्की कुणाचा गोठा होता ते आठवायचा मी प्रयत्न केला, पण जमलं नाही. लिफ्टनं वर गेले.

घर स्वच्छ, पण बायको नसलेल्या घरासारखं. गिरमिटनं मला ओळखलं, माझ्या पायाशी येऊन अंग टाकून बसला. मी चहा घेतला, वसंतरावांना दारातून आतबाहेर करायला लावलं, किल्ल्या वाजवायला लावल्या. कुत्रा मजेत. मला काही सापडेना. गिरिजक्काही येऊन बसल्या होत्या. शेवटी मी पिशवी उचलली, उठले आणि सवयीनं म्हटलं, ‘बरं, येते हं.’

माझ्या पायापासून गिरमिट ताडकन उठला. वसंतराव खुर्चीत बसलेले, किल्ल्या टेबलावर, चपला कोपऱ्यात, आणि कुत्रा असा थरथरतोय की त्याची नखं फरशीवर वाजत होती. तोंडातून लाळ सुटली. तो वसंतरावांच्या मांडीत डोकं खुपसायला लागला. मी पुन्हा खाली बसले.

‘वसंतराव, तुम्ही घराबाहेर पडताना काय म्हणता?’

‘काय म्हणणार? येतो म्हणतो.’

मी त्यांना आठवण दिली, की मी न बोलता निघायला सांगितलं होतं. तर म्हणाले, मी न बोलताच निघतो की. लिफ्टपर्यंत जातो. मग राहवत नाही. परत येतो, दार किलकिलं करतो, येतो रे म्हणतो आणि जातो. मी कपाळाला हात लावला. गोळ्या, किल्ल्या, चपला, सगळं केलं होतं यांनी, आणि शेवटी लिफ्टपासून परत येऊन सगळ्यावर पाणी ओतत होते! मी जरा चिडूनच विचारलं, कशासाठी?

‘न सांगता घरातनं कोण जातं, डॉक्टरबाई?’ ते म्हणाले. ‘चोर जातो, नाही तर मेलेला जातो.’

मग त्यांनी कुसुमताईंचं सांगितलं. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेल्या तरी त्या कुत्र्याला सांगून जायच्या, येते हं गिरमिट. त्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी खुर्चीत बसवून माणसं उचलून नेत होती, तेव्हाही त्यांनी दारात खुर्ची थांबवायला लावली आणि गिरमिटला म्हणाल्या, येते हं. त्यानंतर त्या आल्या नाहीत. कुत्र्याच्या मनात काय असतं ते मला वाचता येत नाही, आणि येतं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वासही नाही. पण फरशीवर वाजणारी नखं मी ऐकली होती.

घरी जाताना मी त्याच एका गोष्टीचा विचार करत होते. आपल्यात निघताना जातो म्हणायचं नाही. मूल म्हणालं तरी आई दटावते, जातो नाही, येतो म्हण. कन्नडातही तेच, बर्तेनि, म्हणजे येते. दोन्ही भाषांत लोक येतो येतो म्हणतात आणि चालायला लागतात. आपल्याला त्यातला गोडवा कळतो. त्या मुक्या जिवाला एवढंच दिसतं, की हा शब्द आला की माणूस गेलं.

अनघाचं म्हणणं पडलं, की मग अप्पांनी सरळ जातो म्हणावं, शब्द नवा, भीती नाही. शास्त्राला धरून ते बरोबर होतं. पण वसंतरावांनी कानांवर हात ठेवले. बायपासला निघालेल्या माणसानं घरातून निघताना जातो म्हणायचं? आणि मी इतकी वर्षं डॉक्टर असूनसुद्धा मला त्यांना ‘म्हणा’ असं सांगायची हिंमत झाली नाही. माझीच जीभ रेटली नसती.

तेव्हा उलटं करायचं ठरवलं. शब्द टाकायचा नाही, झिजवायचा. दिवसभर येतो म्हणायचं आणि जायचं नाही.

वसंतरावांना आधी ते खोटं बोलल्यासारखं वाटायचं. ‘येतो म्हणायचं आणि बसून राहायचं? गिऱ्हाइकाला भाव सांगून माल न देण्यासारखं आहे हे.’ पण अनघासाठी सुरू केलं. भाजी चिरताना येतो. दाढी करताना येतो. पेपरचं पान उलटताना येतो. गिरिजक्काही सामील झाल्या. त्या दारात यायच्या, मोठ्यानं बर्तेनि म्हणायच्या आणि खुशाल आत येऊन बसायच्या. गिरमिट बिचारा एकदा यांच्याकडे बघायचा, एकदा त्यांच्याकडे, की माणसं आज अशी काय करतायत? इमारतीत बोलवा उठली की शिंत्रे अण्णांच्या डोक्यावर परिणाम झाला. एकदा तर अनघाशी फोनवर बोलताना ते मध्येच येतो म्हणाले, ती घाबरून विचारायला लागली, कुठं निघालात या छातीनं? ते म्हणाले, कुठं नाही, तुला नाही, कुत्र्याला म्हणालो. अति झालं आणि हसू आलं, अशी गत. पण त्या घरात पुष्कळ दिवसांनी हसू आलं, हेही खरं.

हळूहळू थरथर गेली. मग शब्दाला नुसता कान हलायला लागला. मग आम्ही शब्द आणि दार एकत्र आणले. येतो म्हणून जिन्यापर्यंत. येतो म्हणून खाली चहा पिऊन परत. मध्ये एकदा वीज गेली, वसंतरावांना जिना चढायची मनाई, ते खालीच अडकले आणि वर गिरमिटनं दार खरवडलं. पुन्हा काही पायऱ्या मागे. मी वैतागले, वसंतराव नाही. व्यापारी माणूस, मंदीची सवय. अनघा मात्र फोन करून करून मला विचारायची, की आणखी किती? तिच्या आवाजातली घाई मला समजत होती. कुत्र्याला वेळ हवा होता, आणि त्यांच्या हृदयाकडे तो नव्हता.

मग एका सकाळी वसंतरावांचा फोन आला. मागे बाजाराचा गलका. कुसुमताई गेल्यानंतर पहिल्यांदा ते आपल्या गादीवर अख्खी सकाळ बसले होते. गिरिजक्कांनी कळवलं होतं, की नायी मलगेद, कुत्रा झोपलाय. ते मला हेच सांगत होते, पण सांगता सांगता त्यांनी मध्येच फोन नोकराकडे दिला. मी अनघाला म्हटलं, तारीख घे.

दवाखान्यात जायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. अनघानं बॅग खाली नेली होती. वसंतरावांनी धुतलेला सदरा घातला होता. गिरमिट आपल्या पोत्यावर पडून होता. त्यांनी नेहमीच्या आवाजात येतो म्हटलं, गिरमिटचा एक कान हलला, बस्स. आम्ही बाहेर आलो, दार लावलं. लिफ्ट आली तरी वसंतराव आत जाईनात. कान देऊन उभे होते. आतून काही आवाज आला नाही. मी त्यांच्या दंडाला धरून आत नेलं.

ऑपरेशन धारवाडला झालं आणि चांगलं झालं. अनघा दिवसभर दवाखान्यात आणि रात्री उणकलला. गिरिजक्का दुपारी भात घालायच्या. शुद्धीवर आल्यावर वसंतराव रोज पहिला प्रश्न विचारायचे, रडतो का? अनघा सांगायची, नाही हो अप्पा, जेवतो, झोपतो, खिडकीतून कावळ्यांवर भुंकतो. त्यांना पटायचं नाही. मी भेटायला गेले तेव्हा मला हळूच म्हणाले, पोरगी माझं मन राखायला सांगते. तो रडत असणार. मी लवकर उठून चालायला पाहिजे, त्याच्यासाठी. आणि खरोखर तिथल्या नर्सबाई सांगत होत्या, की या वयाचा पेशंट इतक्या जिद्दीनं चालताना कमी दिसतो.

घरी आणलं त्या दिवशी मला काळजी होती ती छातीची. हाडं कापून जोडलेली, त्यावर गिरमिटनं उडी मारली तर? आजवर मी बघितलं होतं, की माणूस कोपऱ्यावरून परत आलं तरी ही कुत्री अंगावर तुटून पडतात. म्हणून मी आधी जाऊन पट्टा घेऊन दाराशी उभी राहिले. गिरिजक्का हात पसरून माझ्या पुढे. अनघानं दार उघडलं.

गिरमिटनं पोत्यावरून मान वर केली. शेपूट हलवत उठला, सावकाश आला. वसंतरावांचा हात हुंगला, बोटं, मनगट, सुई टोचली होती ती जागा. एकदा हात चाटला. मग वाटीतलं पाणी प्यायला आणि पोत्यावर जाऊन पुन्हा आडवा झाला. माझ्या हातातला पट्टा हातातच राहिला.

मला इतका आनंद झाला होता, काय सांगू! साऱ्या आयुष्यात एवढं स्वच्छ काम माझ्या हातून क्वचित झालं असेल. मी वसंतरावांकडे बघितलं, तर ते खुर्चीत बसून कुत्र्याकडे एकटक पाहत होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

‘एवढंच?’ ते म्हणाले. ‘मी तिथं रोज याच्यासाठी उठत होतो. याला माझं काहीच वाटलं नाही?’

मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले. समजावलं, की हेच तर आपल्याला हवं होतं. तो तुम्हाला विसरला नव्हता, फक्त घाबरला नव्हता. ‘तुम्ही परत येणार हे त्याला माहीत होतं, वसंतराव.’

‘मला नव्हतं हो माहीत,’ ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.